मान आहे, मालकीचे काय?

नाणेघाटातील लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचा. अश्वमेध, राजसूय असे यज्ञ आणि दान दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, कार्षापण नाणी यांची त्यात मोजदाद आहे. हे यज्ञ केले कोणी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींच्या मते ते तिच्या पतीने, राजा सातकर्णीनेच केले असणार. बायकांना यज्ञाचा अधिकार नव्हता, राणी फार तर शेजारी बसली असेल. दुसरे विचारतात, लेख राणीचा, मुले लहान, कारभार तिच्या हातात, मग कर्तेपण तेवढे तिच्याकडून काढून का घ्यायचे? आणि याच लेखात ती महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी जगणारी बाई म्हणूनही येते. तिथे राजघराण्याचे पुतळे होते. आज त्यांचे जेमतेम अवशेष उरले आहेत, पण वर कोरलेली नावे वाचता आली, आणि राजा-राणीच्या जोडीत राणीचे नाव राजाच्या आधी आहे.

कारभार करणारी बाई आणि व्रतस्थ बाई, यांपैकी कोणती खरी मानायची हा वाद त्या घाटात संपलेला नाही. नाणेघाटाच्या परिसरातल्या जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत तो आजही चालू आहे, फक्त यज्ञाच्या जागी सातबारा आला आहे.

इथे बाईला मान द्यायला कोणीच नाही म्हणत नाही. शिवनेरीवर 1630 साली शिवराय जन्मले, तेव्हापासून जिजाऊ या मुलखाची आई आहे. लेण्याद्रीचा गणपती गिरिजात्मज, म्हणजे आईच्या नावाने ओळखला जाणारा. सभेत, भाषणात, लग्नाच्या पत्रिकेत मातृशक्तीचा जयजयकार असतो आणि तो खोटा नसतो. गावातल्या पुष्कळ जाणत्या माणसांचे मत असे की आमच्याकडे बाई घराची मालकीणच आहे, तिजोरीची किल्ली तिच्या कमरेला आहे, मग वेगळ्या समतेची मागणी कशाला? घरे मोडायला? हे मत हसण्यावारी नेण्यासारखे नाही. त्यामागे एकत्र कुटुंबाचा आधार आहे, आजारपणात धावून येणारी भावकी आहे. पण जिजाऊंची आठवण काढताना पुण्याची जहागीर सांभाळणारी, निवाडे करणारी बाई मागे राहते आणि पाळण्याची दोरी हातात असलेली आई तेवढी पुढे येते. मान ज्या रूपाला मिळतो, त्याच रूपात बाईने राहावे, अशी ती अट असते.

या अटीला पहिला मोठा धक्का जुन्नर तालुक्यातच बसला. ओतूर हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे जुने ठाणे. 1876-77 च्या दुष्काळात सावित्रीबाई फुले या भागात मदतीच्या कामाला आल्या होत्या. 20 एप्रिल 1877 या तारखेचे त्यांचे जोतीरावांना लिहिलेले पत्र ओतुराहूनच गेलेले आहे. अन्नावाचून तडफडणारी माणसे, गुरांचे हाल आणि या आपत्तीतही लुबाडणारे सावकार यांचे वर्णन त्यात आहे. सत्यशोधक कार्यकर्त्यांना सरकारने पकडले, तेव्हा सावित्रीबाईंनी थेट कलेक्टरला जाब विचारला, त्यांना सोडवले आणि त्याच्याकडून दुष्काळग्रस्तांसाठी ज्वारीच्या गाड्याही मिळाल्या, अशी हकीकत त्या सांगतात. सावित्रीबाई म्हटले की पुण्यातली शाळा आणि अंगावर फेकलेले शेण एवढेच आपल्याला आठवते. रणरणत्या उन्हाळ्यात ओतुरात उभी राहून साहेबाशी वाद घालणारी, हिशेबाने धान्य मिळवणारी बाई शाळेच्या पुस्तकात फारशी भेटत नाही.

पुढे 1884 मध्ये याच ओतुरात बाळाजी कुसाजी पाटील यांनी ब्राह्मण भटजीला न बोलावता घरचे लग्न लावले. गावच्या जोशांनी दक्षिणेच्या हक्कासाठी कोर्टात धाव घेतली आणि ते प्रकरण महाराष्ट्रभर गाजले. इतिहासात हा ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद म्हणून नोंदला गेला आणि तो तसा होताच. पण सत्यशोधक विवाहविधीचा दुसरा अर्धा भाग आपण विसरतो. फुल्यांनी रचलेल्या विधीत नवरी मांडवात उभी राहून नवऱ्याकडे स्त्रियांच्या हक्काची मागणी करते आणि नवऱ्याला सर्वांसमोर ते हक्क कबूल करावे लागतात. त्याच सुमारास, 1882 मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध निघाला. त्या निबंधावर खुद्द सत्यशोधकांच्या गोटातूनही टीका झाली आणि फुल्यांना आपल्याच सहकाऱ्यांना खडसवावे लागले. म्हणजे भटशाहीविरुद्ध उभे राहणारे पुरुषही घरातल्या सत्तेचा प्रश्न आला की अडखळत होते. हा अडखळा पुढच्या दीडशे वर्षांत जवळजवळ प्रत्येक चळवळीत दिसतो.

शंभर वर्षांनी नव्या भाषेत हाच प्रश्न पुन्हा आला, तो शेजारच्या खेड तालुक्यातून. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचे कांदा आंदोलन चाकणला उभे राहिले, त्यांचे आंबेठाण जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला परके नव्हते. 9 आणि 10 नोव्हेंबर 1986 रोजी नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले आणि लाखांच्या संख्येने बायका तिथे आल्या. शहरी स्त्रीमुक्तीवाल्यांशी जोशींचे पटत नव्हते. शेतीमालाची लूट हे मूळ दुखणे, पुरुषाचा जुलूम हे त्याचे एक लक्षण, असा त्यांचा विचार होता. डाव्या आणि स्त्रीवादी कार्यकर्त्यांना तो अपुरा वाटे. भाव मिळाला म्हणून घरातला मार थांबतो का, असा त्यांचा सवाल, आणि तो रास्तच होता. पण जोशींनी 1990 च्या सुमारास असे एक पाऊल उचलले जे शहरी संघटनांना सुचले नव्हते. ‘लक्ष्मीमुक्ती’ असे त्याचे नाव. शेतकऱ्याने बायकोच्या नावावर जमीन करून द्यायची. हजारो शेतकऱ्यांनी ती दिली. पुढे सरकारनेही नवऱ्याच्या हयातीत बायकोचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. घोषणा करणे सोपे असते. स्वतःच्या एकरातून काढून देणे अवघड. म्हणून या आढाव्यात लक्ष्मीमुक्तीला जागा थोडी जास्त द्यावीशी वाटते.

आता सासरच्या जमिनीकडून माहेरच्या जमिनीकडे येऊ, कारण खरी गाठ तिथे आहे. जुन्नर किंवा घोडेगावच्या निबंधक कार्यालयाबाहेर एक दृश्य नेहमीचे झाले आहे. भाऊ गाडी घेऊन आलेला असतो. दोन-तीन बहिणी, कोणी मुंबईहून, कोणी संगमनेरकडून, ठेवणीतली साडी नेसून बाकावर बसलेल्या. हातात आधार कार्ड. आत संगणकापुढे एकेकीला बोलावतात, फोटो निघतो, अंगठा उमटतो आणि वडिलोपार्जित जमिनीतला आपला हिस्सा भावाच्या लाभात सोडल्याचे हक्कसोड पत्र नोंदले जाते. त्यावर मुद्रांक शुल्क नाममात्र. नंतर भाऊ सगळ्यांना जेवायला नेतो, घरी साडीचोळी होते. जबरदस्ती कोणी केलेली नसते. पण सही नाकारली तर दिवाळीला माहेरची वाट बंद, बाळंतपणाला आणि मयतीला दार बंद, हे न बोलताही प्रत्येकीला ठाऊक असते. ‘भावाचं घेऊन कुठं जायचंय’ असे बहीण म्हणते. ते जमिनीचे भाव वाढण्याआधीही खरे होते आणि आजही तिच्या तोंडी तेच वाक्य असते, पण पुणे-नाशिक रस्त्याच्या बाह्यवळणांसाठी भूसंपादन झाले, एकरांचे दर लाखांवरून कोटींकडे सरकले, तेव्हापासून काही बहिणी सही करायच्या आधी थांबू लागल्या आहेत. गावात अशा बहिणीला ‘हावरी’ म्हणतात. तितकीच जमीन घेणाऱ्या भावाला तो शब्द कोणी लावत नाही.

कायदा इथवर यायला फार वेळ लागला. हिंदू कोड बिल रखडल्यावर डॉ. आंबेडकरांनी 1951 मध्ये मंत्रिपद सोडले. त्यांच्या राजीनाम्याच्या कारणांत ते एक मोठे कारण होते. 1956 च्या वारसा कायद्याने मुलीला बापाच्या हिश्श्यात वाटा दिला, पण एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाप्रमाणे जन्मतः हक्क दिला नाही. महाराष्ट्राने 1994 मध्ये तो दिला, तोही तोवर लग्न न झालेल्या मुलींना. त्याच वर्षी राज्याचे पहिले महिला धोरण आले. देशभर बरोबरीचा हक्क 2005 च्या दुरुस्तीने मिळाला आणि बाप त्या दिवशी हयात होता की नव्हता याने फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. आंबेडकरांच्या राजीनाम्यापासून मोजले तर जवळजवळ सत्तर वर्षे. एवढ्या कष्टाने आलेला हक्क एका दुपारी, एका अंगठ्याने परत जातो.

लग्नाच्या बाजारात याच जमिनीचे दुसरे टोक दिसते. शेतकरी मुलांना मुली मिळत नाहीत, ही तक्रार आता घरोघरची आहे. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात बाशिंग बांधून, घोड्यावर बसून अविवाहित तरुणांनी जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. नारायणगाव, मंचर, आळेफाट्याच्या चहाच्या टपरीवर या विषयाचे निदान ठरलेले असते: मुली शिकल्या, अपेक्षा वाढल्या, समतेच्या नादाने डोक्यात हवा गेली. त्या तरुणांचे दुःख खोटे नाही. पस्तिशी गाठलेला, ऊस-कांद्याच्या कर्जात अडकलेला, रात्रीच्या विजेवर पाणी धरायला बिबट्याच्या भीतीत एकटा जाणारा मुलगा समाजाने थट्टेवारी न्यावा असा नाही. पण निदान चुकले आहे. 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 913 मुली होत्या, 2011 मध्ये 894. जन्मालाच न आलेल्या मुली आज लग्नाच्या वयात कुठून मिळतील? गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला, तरीही हे झाले.

आणखी एक गोष्ट तितकीच उघड आहे, पण बोलली जात नाही. मुलीचा बाप स्थळ बघताना विचारतो, मुलाच्या नावावर जमीन किती? पाच एकर बागायत आणि वर पुण्यात फ्लॅट असेल तर बोलणी पुढे सरकतात. तोच बाप स्वतःच्या पाच एकरांत मुलीचे नाव लावत नाही. जावयाकडून हवी असलेली सुरक्षितता तो लेकीला स्वतः देऊ शकतो, हे त्याच्या मनातही येत नाही. मुलीचे स्वतःचे काही असते, तर तिला नवऱ्याच्या एकरांकडे बघावे लागले नसते आणि कमी जमिनीच्या मुलालाही होकार देणे सोपे गेले असते. समतेने लग्ने अडली नाहीत, अर्धवट समतेने अडली.

‘स्त्रीवाद हे पुण्या-मुंबईचे फॅड’ हा आक्षेपही इथे नेहमी ऐकू येतो. तो अर्धा खरा आहे. 1975 नंतर उभ्या राहिलेल्या संघटनांची भाषा, सभा, मासिके शहरांत होती. विद्या बाळांचे ‘मिळून साऱ्याजणी’ 1989 पासून पुण्यातून निघू लागले. पण त्यांनी ते शेवटपर्यंत खेड्यातल्या वाचकापर्यंत न्यायचा प्रयत्न सोडला नाही, पुरुषांनाही सोबत घेतले. आणि बलात्काराचा कायदा 1983 मध्ये बदलला तो कोणामुळे? चंद्रपूर भागातल्या मथुरा या आदिवासी मुलीच्या खटल्यात आरोपी पोलीस सुटले, म्हणून शहरातल्या बायका रस्त्यावर आल्या. शहरी चळवळीचे हे ऋण खेड्याने मान्य करायला हवे.

दुसरा आक्षेप आतून आला आणि तो जास्त खोल होता. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 1989 मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहून आंबेडकरी चळवळीतल्या बायका समोर आणल्या. शर्मिला रेगे यांनी 1998 मध्ये दलित स्त्रीची भूमिका वेगळी का, हे मांडले. सगळ्या बायका सारख्याच दबलेल्या, हे त्यांना मान्य नव्हते. जात मध्ये येते. ते तपासायला नारायणगावपेक्षा चांगली जागा नाही. चैत्रातल्या यात्रांच्या आधी तमाशाच्या फडांच्या राहुट्या इथे लागतात, गावोगावचे कारभारी सुपाऱ्या द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर इथल्याच. खेळ चालू असताना कळा आल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या, हा त्यांचा प्रसंग महाराष्ट्रभर अभिमानाने सांगितला जातो. राष्ट्रपतींकडून गौरव झालेली ही बाई 2002 मध्ये हलाखीत गेली. त्यानंतर सरकारने त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

या प्रसंगाकडे बघण्याच्या तऱ्हा किती वेगळ्या! रसिकाला त्यात कलेवरची निष्ठा दिसते. संस्कृतीरक्षकाला तमाशाच नको, बाईने नाचूच नये. मध्यमवर्गीय सुधारकाला तिची सुटका करायची असते. दलित स्त्रीवादी विचारते, टाळ्या वाजवणाऱ्या हजारो माणसांत तिला दोन तास विश्रांती द्या म्हणणारे कोणी का नव्हते, आणि ती वरच्या जातीची असती तर त्या बोर्डावर असती का? या लेखाचा कौल शेवटच्या प्रश्नाच्या बाजूने आहे. विठाबाईंचे कर्तृत्व अफाट होते. पण त्या रात्रीचे कौतुक करून आपण सुटू शकत नाही.

दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग, विशेषतः भीमाशंकरचा परिसर, आहुपे, डिंभ्याच्या पाणलोटाच्या वरची महादेव कोळी गावे, इथे चित्र आणखी वेगळे. आवणीच्या दिवसांत बैल आणि चिखलणी पुरुषाकडे, वाकून रोप लावणे बायकांकडे. हिरडा गोळा करायला दोघेही. विधवेचा पाट लागतो, हुंड्यापेक्षा देज, म्हणजे वधूमूल्य, देण्याची जुनी रीत. ‘आमच्यात बायका पहिल्यापासून मोकळ्या’ असे आदिवासी कार्यकर्ते सांगतात आणि पूर्वेच्या बागायतदारांशी तुलना केली तर त्यात तथ्य आहे. घोड नदीवरच्या डिंभे धरणात जुने आंबेगाव गेले, शेते गेली. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ने विस्थापितांबरोबर धरणाच्या उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीचा आणि मासेमारीचा हक्क लढवला, सर्वांनी मिळून डोंगरउतारावर भातखाचरे रचण्याच्या पडकई या पद्धतीला रोजगार हमीत जागा मिळवली. कुसुमताईंचा स्त्रीवाद जमीन, पाणी, जंगल यांच्यापासून वेगळा काढता येत नव्हता.

पण मोकळीक आणि मालकी इथेही एक नाही. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागूच नाही. कलम 2(2) तसे स्पष्ट सांगते. नारायणगावच्या मुलीला जो हक्क जन्मतः आहे, तो आहुप्याच्या मुलीला कायद्याने आपोआप नाही. तिथे रूढी चालते. रूढी मोडली तर आदिवासी ओळखच पुसेल, आणि जावयांमार्फत जमीन बाहेर जाईल, ही भीती खरी आहे. तरी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात म्हटले की आदिवासी बाईला केवळ बाई म्हणून वारसा नाकारणे समतेच्या तत्त्वाला धरून नाही. दुसरीकडे 2006 च्या वनहक्क कायद्याने वनजमिनीचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवायला सांगितला आहे. पूर्वेच्या सातबाऱ्याला जे जमले नाही ते पश्चिमेच्या दाव्यांत कायद्यानेच आले.

मुस्लिम घरांत मुलीचा वाटा शरियतने ठरवलेला, मुलाच्या निम्मा; प्रत्यक्षात तोही पुष्कळदा भावाकडेच राहतो. हमीद दलवाईंनी 1966 मध्ये सात मुस्लिम बायकांना घेऊन मुंबईत विधानसभेवर मोर्चा नेला आणि 1970 मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. नाव मुद्दाम फुल्यांच्या समाजाचे घेतले. सुधारणा आतून व्हावी की कायद्याने, हा वाद तिथे 2019 च्या तिहेरी तलाक कायद्यानंतरही मिटलेला नाही.

सरकारी योजनांबद्दल थोडक्यात. 2011 पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. अनेक ठिकाणी सरपंचाच्या खुर्चीशेजारी नवऱ्याची खुर्ची असते, पण दुसऱ्या खेपेला उभी राहणारी बाई बहुधा स्वतः बोलते. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, जुलै 2024 पासून लाडक्या बहिणीला महिना 1500 रुपये. ही लाच आहे असे काही म्हणतात. ज्यांच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या खात्यातले पैसे आले त्या तसे म्हणत नाहीत. दोन्ही बाजूंनी एक आकडा लक्षात ठेवावा: 2024 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी 289 मिनिटे त्यात घालवतात आणि पुरुष 88. टोमॅटोच्या तोडणीवरून संध्याकाळी परत आलेल्या बाईला चूल पेटवताना तो आकडा वेगळा सांगावा लागत नाही. आणि तोडणीचा तिचा रोज पुरुषाच्या रोजापेक्षा कमी असतो, समान वेतनाचा कायदा 1976 मध्येच होऊनही.

या सगळ्या मतांत एकमत व्हावे असे नाही. पण जे कोणी जुन्नर-आंबेगावात समतेच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलतात, त्यांनी आधी तलाठ्याकडे एक अर्ज द्यावा. बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावायला फार खर्च नाही. बाप गेल्यावर वारस नोंद करताना बहिणींची नावे भावांच्या बरोबरीने घालावीत आणि हक्कसोडीची घाई तेराव्याच्या आत करू नये. बहिणीने हिस्सा ठेवला तरी दिवाळीला तिला आणायला जावे. ग्रामसभेने वर्षातून एकदा, 3 जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला, गावात किती खाती बायकांच्या नावे आहेत ते वाचून दाखवावे. सुरुवात ओतुराने करावी.